राजपुत्र, चेंडू आणि तेलाची विहीर

जगातील सर्वांत श्रीमंत फुटबॉलपटू कोण, असा प्रश्न इंग्लंडमधील खपाऊ वृत्तपत्रे अधूनमधून विचारतात आणि त्याचे उत्तरही स्वतःच देतात. ते उत्तर मेस्सी किंवा रोनाल्डो हे नसते. ब्रुनेई या बोर्निओ बेटावरील चिमुकल्या देशाचा फाइक बोल्किया हे नाव ते सांगतात, आणि त्यापुढे वीस अब्ज डॉलरचा आकडा ठोकून देतात. हा आकडा त्या तरुणाने मिळवलेला नाही. तो त्याच्या घराण्याच्या संपत्तीचा अदमास आहे. तरीही बातमीत घराणे आणि खेळाडू एकच होतात, मग त्याच्या वडिलांच्या मोटारी आणि काकांच्या राजवाड्यातील १,७८८ खोल्या यांचे रसभरित वर्णन होते, आणि वाचक एक सुस्कारा टाकून पान उलटतो.

एका राजपुत्राच्या चेंडूफळीसाठी आपल्या साप्ताहिकाने जागा का खर्चावी, असे काही साथी विचारतील. त्यांचा आक्षेप अगदीच अनाठायी नाही. परंतु ज्या बातमीकडे लाखो लोक कुतूहलाने पाहतात, तिच्याकडे आपण पाठ फिरवली तर तिचा अर्थ लावण्याचे काम दुसरेच लोक करतात. शिवाय या तरुणाच्या कारकीर्दीत दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, आणि कार्यकर्त्याने त्या वेगवेगळ्या करून पाहणे अगत्याचे आहे. एक, पैशाने काय विकत घेता येते आणि काय येत नाही. दोन, राजाने दिलेली सुखसोय आणि लोकांनी मिळवलेला हक्क यांत अंतर किती असते.

प्रथम त्या तरुणाविषयी, आणि तेही न्यायबुद्धीने. फाइकचा जन्म ९ मे १९९८ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे झाला. ब्रुनेईचे सुलतान हसनल बोल्किया यांचे धाकटे बंधू राजपुत्र जेफ्री यांचा तो मुलगा. इंग्लंडमध्ये तो लहानाचा मोठा झाला आणि तेथेच साउदॅम्प्टनसारख्या क्लबांच्या बालसंघांतून फुटबॉल शिकला. २०१४ साली चेल्सीने त्याला आपल्या युवा विभागात घेतले. तेथून तो बाहेर पडला, आणि मार्च २०१६ मध्ये लेस्टर सिटीने त्याच्याशी तीन वर्षांचा करार केला. त्यानंतर दोनच महिन्यांत लेस्टरने, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, इंग्लंडचे अजिंक्यपद पटकावले. फाइक मात्र युवकांच्या संघातच राहिला. २०२० साली त्याने लेस्टर सोडले तेव्हा पहिल्या संघाकडून स्पर्धात्मक सामना खेळल्याची एकही नोंद त्याच्या नावावर नव्हती. पोर्तुगालच्या मादेइरा बेटावरील मारितिमो क्लबात एक वर्ष गेले. अखेर २०२१ च्या डिसेंबरात थायलंडच्या चोनबुरी क्लबाने त्याला घेतले, आणि २०२३ साली तो राचबुरी क्लबात गेला. अव्वल दर्जाच्या लीगमध्ये मोठ्यांच्या संघातून तो खऱ्या अर्थाने खेळू लागला तो थायलंडमध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षानंतर. मधल्या काळात, २०१६ पासून, तो ब्रुनेईच्या राष्ट्रीय संघातून खेळत होता आणि त्या संघाचे कर्णधारपदही त्याने भूषवले.

या कारकीर्दीची टिंगल करणे सोपे आहे. आम्ही ती करणार नाही. ज्याला आयुष्यभर बोटही हलवण्याची गरज नव्हती, त्या मुलाने भर थंडीत, पावसात, चिखलात धावण्याचे काम निवडले. प्रशिक्षकाच्या शिव्या खाल्ल्या, राखीव बाकावर बसला, नापसंत ठरला आणि पुन्हा दुसऱ्या दारावर जाऊन उभा राहिला. आळसात लोळणाऱ्या राजपुत्रांपेक्षा हा तरुण निश्चितच आदराला पात्र आहे. कोणाच्या पोटी जन्म घ्यावा हे माणसाच्या हाती नसते. हे सूत्र आपण दलिताच्या बाबतीत मानतो, तर राजपुत्राच्या बाबतीतही मानले पाहिजे.

आपल्याकडील संस्थानिकांची आठवण या ठिकाणी झाल्यावाचून राहत नाही. १९३६ साली भारताचा क्रिकेट संघ इंग्लंडला गेला तेव्हा विजयानगरमचे महाराजकुमार त्याचे कर्णधार होते. तीन कसोटी सामन्यांतील सहा डावांत त्यांच्या नावावर एकूण ३३ धावा जमा झाल्या, आणि लाला अमरनाथसारख्या खंद्या खेळाडूला मात्र शिस्तभंगाच्या नावाखाली कसोटी सामन्यांपूर्वीच मायदेशी धाडण्यात आले. त्याही आधी, १९११ च्या दौऱ्यात, कर्णधारपद पतियाळाच्या महाराजांकडे होते आणि शंभराहून अधिक बळी घेण्याचे कष्ट पुण्या-मुंबईच्या मैदानांवर घडलेल्या पाळवणकर बाळूंनी उपसले होते. चर्मकार समाजातील या थोर गोलंदाजाला हिंदू संघाचे कर्णधारपद कधीही मिळाले नाही. ते पुढे १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले, आणि तेही बराच झगडा झाल्यावर. तेव्हा राजघराणे आणि कर्णधारपद यांची सोयरीक मराठी वाचकाला नवी नाही. फाइकचा प्रकार विजयानगरमसारखा नाही, हे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याने खेळाची रीतसर तालीम घेतली आहे आणि ब्रुनेईच्या खेळाडूंत तो गुणवान आहे यात शंका नाही.

आता पैशाने काय मिळते, ते पाहू. लेस्टरच्या पहिल्या संघातील जागा त्याला पैशाने मिळाली नाही, ही गोष्ट मोठ्या महत्त्वाची आहे. भांडवलशाहीने फुटबॉलचा बाजार मांडला, क्लब विकले, खेळाडूंच्या किमती ठरवल्या. तरीही मैदानावरील नव्वद मिनिटे ही अखेर श्रमाची मिनिटे आहेत. त्या श्रमाला पर्याय म्हणून धनादेश पुढे करता येत नाही. ज्यांना आम्ही श्रमाची प्रतिष्ठा हा शब्द शिकवतो, त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

परंतु याची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. पैशाने यश मिळत नसले तरी अपयश पचवण्याची सवड मिळते. इंग्लंडमधील क्लबांच्या युवा शाळांतून दरवर्षी कितीतरी मुले बाहेर टाकली जातात. त्यांतील पुष्कळ कामगारांच्या वस्त्यांतून आलेली असतात, शिक्षण अर्धवट राहिलेली असतात, आणि सतराव्या-अठराव्या वर्षी 'तुझी गरज नाही' हे वाक्य ऐकून ती गोदामात किंवा दुकानात कामाला लागतात. त्यांना दुसरा क्लब, मग तिसरा देश, मग चौथी संधी असा प्रवास करता येत नाही, कारण दरम्यान घरभाडे थांबत नाही. फाइकला तो प्रवास करता आला. त्याची चिकाटी खरी आहे. पण चिकाटी धरण्याची सवलत ही वर्गाची देणगी आहे, हेही तितकेच खरे आहे. यशस्वी माणसांच्या चरित्रांत नेमके हेच पान गाळलेले असते.

येथवर आपण एका तरुणाविषयी बोललो. आता त्याच्या अंगावरील सदऱ्यावर ज्या देशाचे नाव आहे, त्या देशाविषयी बोलले पाहिजे.

ब्रुनेईचे क्षेत्रफळ सुमारे ५,७६५ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या साडेचार लाखांच्या आसपास. १९२९ साली सेरिया येथे तेल सापडले आणि या प्रदेशाचे भाग्य बदलले. त्या तेलाचा धंदा आजही सरकार आणि शेल कंपनी यांच्या भागीदारीत चालतो. १९५९ साली राज्यघटना आली, आणि ऑगस्ट १९६२ मध्ये निवडणुका झाल्या. ए. एम. अझहरी यांच्या नेतृत्वाखालील ब्रुनेई जनता पक्षाने जिल्हा परिषदांच्या ५५ पैकी ५४ जागा जिंकल्या. पण ३३ जणांच्या विधिमंडळात लोकनियुक्तांचे बहुमत होऊ नये अशी योजना घटनेतच होती. निवडून आलेल्यांसाठी जागा होत्या अवघ्या १६. शिवाय ब्रुनेईला नियोजित मलेशियात सामील करण्याच्या विचाराला या पक्षाचा विरोध होता. डिसेंबर १९६२ मध्ये सशस्त्र उठाव झाला. ब्रिटिशांनी सिंगापूरहून गुरखा आणि गोऱ्या पलटणी आणून तो चिरडला. पक्षावर बंदी आली आणि आणीबाणी पुकारली गेली.

वाचकहो, ती आणीबाणी अद्याप उठलेली नाही. दर दोन वर्षांनी तिची मुदत वाढवली जाते. आपण एकवीस महिन्यांची आणीबाणी भोगली आणि तिची आठवण आजही अंगावर काटा आणते. ब्रुनेईत साठ वर्षांहून अधिक काळ ती अखंड चालू आहे. १ जानेवारी १९८४ रोजी देश स्वतंत्र झाला, परंतु १९६५ नंतर तेथे विधिमंडळाची निवडणूक झाली नाही. २००४ साली विधिमंडळ पुन्हा भरवण्यात आले, पण त्याचे सभासद जनतेने मतपेटीतून निवडलेले नाहीत. १९६७ पासून गादीवर असलेले सुलतान स्वतःच पंतप्रधान आहेत आणि संरक्षण व अर्थ ही खातीही त्यांच्याकडेच आहेत. सेरियाच्या तेलक्षेत्राजवळ ब्रिटिश सैन्याची गुरखा पलटण आहे, आणि तिचा खर्च सुलतान उचलतात.

यावर एक युक्तिवाद हटकून केला जातो, आणि तो आपल्याही काही मित्रांच्या तोंडी ऐकू येतो. ब्रुनेईच्या नागरिकाला पगारावर प्राप्तिकर नाही, शिक्षण फुकट आहे, औषधोपचार जवळजवळ फुकट आहेत. मग समाजवाद याहून वेगळा तो काय देणार? या युक्तिवादाला झटकून टाकणे बरोबर होणार नाही. रुग्णालय हे रुग्णालयच असते, ते राजाने बांधले म्हणून रोग्याला कमी बरे वाटत नाही. परंतु फरक असा आहे. जे कृपेने मिळते त्याचा हिशेब मागता येत नाही. सेरियाच्या विहिरीतून किती तेल निघाले, त्याचे किती पैसे आले, त्यांतील किती शाळेला गेले आणि किती राजवाड्याला, हे विचारण्याचे अधिकृत ठिकाणच तेथे नाही. कामगार संघटना जवळजवळ अस्तित्वात नाहीत. ज्या देशात सरकार हिशेब देत नाही तेथे कल्याणकारी योजना ही धन्याने नोकराला दिलेली पोस्त ठरते, मग ती कितीही मोठी असो.

हिशेब नसला म्हणजे काय होते, याचा धडा फाइकच्या जन्माच्याच वर्षी मिळाला. राजपुत्र जेफ्री हे १९९७ पर्यंत देशाचे अर्थमंत्री होते आणि देशाची परदेशी गुंतवणूक सांभाळणारी संस्थाही त्यांच्या हाताखाली होती. १९९८ साली त्यांचा अमेदेओ हा प्रचंड उद्योगसमूह कोसळला. २००० साली सरकारने त्यांच्यावर दावा लावला. राष्ट्रीय निधीतून सुमारे १४.८ अब्ज डॉलर अयोग्य रीतीने काढले गेले, असा सरकारचा आरोप होता. राजपुत्रांनी तो नाकारला; जे केले ते सुलतानांच्या संमतीने केले, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी तडजोड झाली, पुढे तिच्या पालनावरून पुन्हा तंटा झाला, आणि २००७ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सरकारच्या बाजूने निकाल दिला. २००१ साली अमेदेओच्या मालमत्तेतील हजारो वस्तूंचा लिलाव ब्रुनेईत झाला. कोण खरे आणि कोण खोटे, हा न्याय आम्ही येथे करत नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. एवढ्या मोठ्या रकमेचा वाद दोन भावांत उत्पन्न झाला, दोन भावांत मिटला आणि लंडनच्या न्यायपीठापुढे संपला. ज्यांच्या जमिनीतून ते तेल निघाले त्या लोकांचा एकही प्रतिनिधी त्या वादात पक्षकार नव्हता. समूह बुडाला तेव्हा त्याच्या बांधकामांवर राबणारे परदेशी मजूर मात्र बेकार होऊन आपापल्या देशी परतले.

फुटबॉलचा कारभारही याच वळणाने गेला आहे. या छोट्या देशात खेळाची आवड आणि ताकद दोन्ही आहेत. १९९९ साली ब्रुनेईच्या संघाने अंतिम सामन्यात सारावाकला २-१ असे हरवून मलेशिया चषक जिंकला होता. त्या वेळी फाइक एक वर्षाचा होता. तो चषक जिंकून देणारे खेळाडू राजवाड्यातले नव्हते. पुढे देशातील प्रमुख क्लब म्हणून डीपीएमएम पुढे आला. ही अक्षरे युवराजांच्या पदवीची आहेत, आणि क्लबाचे मालकही युवराजच. तो सिंगापूरच्या लीगमध्ये खेळू लागला, आणि २००९ च्या सप्टेंबरात संकट आले. ब्रुनेई सरकारने देशाची फुटबॉल संघटना बरखास्त करून तिच्या जागी नवी उभी केली होती. हा सरकारी हस्तक्षेप आहे असे ठरवून जागतिक संघटनेने ब्रुनेईला निलंबित केले. डीपीएमएमला हंगाम अर्धवट सोडून लीगबाहेर पडावे लागले. निलंबन उठले २०११ मध्ये. खेळाडूच्या आयुष्यात उमेदीची वर्षे असतात आठ-दहा. त्यांतील पावणेदोन वर्षे, स्वतःचा काडीचाही दोष नसताना, एका पिढीच्या पदरातून गेली. त्या खेळाडूंची नावे कोणत्याही खपाऊ वृत्तपत्राने छापली नाहीत, कारण त्यांच्या नावापुढे लावण्यासारखा आकडा नव्हता.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, आणि आमच्या मते तीच सर्वांत गंभीर आहे. ब्रुनेईत चिनी वंशाची हजारो माणसे अशी आहेत, की ज्यांचा जन्म तेथे झाला, पुष्कळांच्या बापाचाही जन्म तेथेच झाला, आणि तरीही ती कोणत्याच देशाची नागरिक नाहीत. १९६१ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांच्यापुढे मलय भाषा आणि रीतिरिवाज यांच्या परीक्षेची भिंत उभी केली आहे. कायमचे रहिवासी म्हणून ती राहतात, प्रवासासाठी त्यांना पारपत्राऐवजी ओळखीचा एक दाखला मिळतो, आणि बापाचे हे परकेपण मुलाच्या वाट्याला येते. आता जागतिक फुटबॉलचा नियम पाहा. ज्या देशाचे नागरिकत्व आहे त्याच देशाच्या संघातून खेळता येते. याचा अर्थ सरळ आहे. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला आणि इंग्लंडमध्ये वाढलेला राजपुत्र ब्रुनेईचा कर्णधार होऊ शकतो. सेरियाच्या तेलविहिरींच्या सावलीत जन्मलेला आणि तिथल्याच वाळूत अनवाणी पायांनी चेंडू मारायला शिकलेला नागरिकत्वहीन मुलगा कितीही गुणी असला तरी त्या संघाचा सदरा घालू शकत नाही. फाइकने त्या मुलाची जागा हिरावून घेतलेली नाही. ती जागा कायद्याने कधी निर्माणच होऊ दिली नाही.

मग वृत्तपत्रांना आपण काय म्हणावे? 'सर्वांत श्रीमंत खेळाडू' ही बातमी वाचकाला एका कुतूहलात गुंतवते आणि दुसऱ्या प्रश्नापासून दूर नेते. आकडा छापला जातो, आकड्याचा उगम छापला जात नाही. संपत्ती ही जणू त्या घराण्याच्या रक्तातच वाहते, अशा थाटात तिचे वर्णन होते. सेरिया, १९६२, अझहरी, आणीबाणी हे शब्द त्या बातमीत कधी येत नाहीत. आणि या बातमीने त्या तरुणावरही अन्यायच होतो. त्याने थायलंडमध्ये जाऊन कमावलेली जागा ही त्याची स्वतःची कमाई आहे, परंतु ती कोणाला दिसत नाही. ज्याला जग केवळ पुतण्या म्हणून ओळखते, त्यालाही आपल्या श्रमाने ओळखले जाण्याचा हक्क आहे. सरंजामशाही प्रजेचे माणूसपण तर हिरावतेच, पण ती आपल्या लेकरांनाही पुरते माणूस होऊ देत नाही.

या लेखातून कार्यकर्त्यांनी घ्यायचे ते एवढेच. श्रीमंताच्या मुलाचा हेवा करू नये आणि त्याची कुचेष्टाही करू नये, कारण दोन्हींमुळे लक्ष माणसावर खिळते आणि व्यवस्था सुटते. आपण विचारायचे ते साधे प्रश्न आहेत: मैदान कोणाचे आहे, संघटना कोणाच्या ताब्यात आहे, निवड कोण करते, हिशेब कोण ठेवते आणि तो कोणाला दाखवतो, आणि दाराबाहेर कोण उभे आहे. हे प्रश्न ब्रुनेईत विचारणाऱ्यांवर १९६२ साली बंदी आली. म्हणून ते शिळे झालेले नाहीत. ज्या दिवशी सेरियाचा तो नागरिकत्वहीन मुलगा आणि सुलतानांचा पुतण्या एकाच मैदानावर निवडीसाठी उभे राहतील, निवडणारा राजवाड्याचा माणूस नसेल, आणि निवड चुकली तर तिचा जाब विचारता येईल, त्या दिवशी ब्रुनेईचा संघ सामना हरला तरी चालेल. त्या देशाने तेलाहून मोलाची गोष्ट मिळवलेली असेल.